उणे एकवीस

माझ्या हौशी रेडिओच्या लॉगवहीत २०२४ च्या संक्रांतीच्या रात्रीची एक नोंद आहे. वेळ रात्रीचे नऊ वाजून बारा मिनिटे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार १५.४२, वारंवारता २१.०७४ मेगाहर्ट्झ, शक्ती ५ वॉट, समोरच्या केंद्राची नकाशातली चौकट जीजी६६, आणि त्याने माझ्या संकेताच्या ताकदीचा मला दिलेला अहवाल उणे २१ डेसिबल. जीजी६६ म्हणजे ब्राझीलमधल्या साओ पावलोचा परिसर. देवगड तालुक्यातल्या आमच्या सड्यापासून तो जवळजवळ पावणेचौदा हजार किलोमीटर दूर आहे. देवघरात रात्रभर लावून ठेवलेला छोटा दिवा जेवढी वीज खातो, तेवढ्या शक्तीने मी हाक दिली होती. अरबी समुद्र, आफ्रिका आणि दक्षिण अटलांटिक ओलांडून ती तिकडे पोहोचली, तेव्हा तिची ताकद तिथल्या गोंगाटाच्या सव्वाशेव्या हिश्शाइतकी उरली होती. त्या गृहस्थाने स्पीकरला कान लावला असता तर त्याला नुसती खरखर ऐकू आली असती. तरीही माझे कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे माझे रेडिओ-नाव, आणि माझ्या गावाची चौकट त्याच्या पडद्यावर एकही अक्षर न चुकता उमटली, आणि त्याचे उत्तर माझ्या पडद्यावर.

मी तीस वर्षे मुंबईतल्या शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर गावी परतलो आणि मनात फार दिवस असलेला हौशी रेडिओचा परवाना काढला. परीक्षेसाठी मोर्स शिकलो, ७ मेगाहर्ट्झवर आवाजाने गप्पा मारू लागलो, आणि मग एका मित्राच्या सांगण्यावरून डब्ल्यूएसजेटी-एक्स हे क्षीण संकेत वाचणारे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतले. इतका क्षीण संकेत कळतो तरी कसा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे आहे. प्रारंभी मला वाटत होते की संगणकाचा कान माणसाच्या कानापेक्षा तीक्ष्ण, एवढेच याचे उत्तर असेल. ते तसे नाही. काय बोलायचे, किती बोलायचे आणि कधी बोलायचे हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून ठेवलेले असते, म्हणून ते ऐकू येते. या ठरवून ठेवण्यात केवढी बुद्धी आणि केवढा विश्वास भरलेला आहे, ते हळूहळू उलगडत गेले.

या सॉफ्टवेअरचा मूळ कर्ता जोसेफ टेलर. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने जोडताऱ्यातला पहिला स्पंदक, म्हणजे नियमित रेडिओ-ठोके देणारा तारा, शोधला आणि त्यासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. टेलर शाळकरी वयापासून हौशी रेडिओवाले. ज्या माणसाने हयातभर आकाशातून येणाऱ्या गोंगाटात गाडलेले नियमित ठोके शोधले, त्याने २००१ मध्ये हौशी लोकांसाठी असे सॉफ्टवेअर लिहिले की उल्केच्या जळत्या शेपटीवरून क्षणभर परावर्तित होणारा संकेतही वाचता यावा. पुढे त्यात चंद्रावर आपटून परत येणारे संकेत वाचायची पद्धत आली. २०१७ मध्ये टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी मिळून जी पद्धत आणली ती एफटी८. नावातला एफ फ्रँके यांचा, टी टेलर यांचा आणि आठ हा त्यात वापरलेल्या सुरांचा आकडा. मला हा क्रम फार भावतो. स्पंदकाचा ठोका किती वेळाने येणार हे एकदा कळले की हजारो ठोके एकमेकांवर रचून गोंगाटातून वर काढता येतात. पृथ्वीवरच्या माणसाने आपली हाक तशीच नियमित केली, तर तीही तशीच वर काढता येईल.

एफटी८ मध्ये प्रत्येक मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग पाडलेले असतात. मी पहिल्या आणि तिसऱ्या भागात बोलायचे, तर समोरच्याने दुसऱ्या आणि चौथ्या. प्रत्येक वेळी प्रत्यक्ष बोलणे १२.६४ सेकंदांचे. तेवढ्या वेळात एकामागून एक ७९ सूर वाजतात. आठ सुरांपैकी कोणता ना कोणता, प्रत्येक सूर ०.१६ सेकंदाचा, आणि दोन शेजारच्या सुरांमधले अंतर ६.२५ हर्ट्झ. आठही सूर मिळून केवळ ५० हर्ट्झची पट्टी व्यापतात. आवाजाच्या एका संभाषणाला जी अडीच-तीन किलोहर्ट्झची जागा लागते, तेवढ्या जागेत असे कितीतरी संकेत एकमेकांच्या अंगाला अंग लावून मावतात. कानाला ते ऐकायला सनईच्या जिभळीतून निघणाऱ्या अगदी बारीक, किंचित हेलकावणाऱ्या सुरासारखे वाटते. आणि बँड उघडलेला असला, म्हणजे त्या पट्टीतल्या लहरी दूरवर पोहोचत असल्या, की असे तीस-चाळीस सूर एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. मधल्या दोन-अडीच सेकंदांच्या शांततेत संगणक सगळे वाचून काढतो.

एवढ्या वेळात पाठवायचे किती, तर ७७ बिट. शून्य किंवा एक अशा ७७ निवडी. मराठीतले एक साधे वाक्यही त्यात मावणार नाही. पण त्यात मी कोण, तू कोण आणि मी कुठे आहे, एवढे तंतोतंत मावते, कारण ते मावेल असेच मोजून बसवलेले आहे. नेहमीच्या ठेवणीची जेवढी कॉलसाइन्स होऊ शकतात, त्यांची संख्या सुमारे २६ कोटी २२ लाख भरते आणि २८ बिटांमध्ये २६ कोटी ८४ लाख आकडे बसतात. म्हणून प्रत्येक कॉलसाइनला २८ बिट. जागा सांगण्यासाठी साऱ्या पृथ्वीचे चौकटींमध्ये भाग पाडले आहेत. प्रत्येक चौकट दोन अंश रेखांश रुंद आणि एक अंश अक्षांश उंच. अशा चौकटी होतात ३२,४००, आणि १५ बिटांमध्ये ३२,७६८ आकडे मावतात. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीत करून पाहिला तेव्हा पाहुण्यांच्या पंगतीला पाने मोजून मांडावीत आणि एकही पान ना उणे ना फार जास्त निघावे, तसा आनंद झाला.

आमची चौकट एमके६६. ७२ ते ७४ अंश पूर्व रेखांश आणि १६ ते १७ अंश उत्तर अक्षांश. देवगड, मालवण, विजयदुर्ग, राजापूर एवढे सगळे एका चौकटीत. पूर्वेला ती सह्याद्रीचा कडा चढून जाते. गगनबावडा आत येतो, कोल्हापूर बाहेर राहते. रत्नागिरी शहर तर सतराव्या अंशाच्या अगदी उंबरठ्यावर बसले आहे. बाकी चौकटीचा अर्ध्याहून जास्त भाग पाणी आहे. ब्राझीलमधल्या त्या माणसाला माझा पत्ता कळला तो एवढाच: बहुतेक समुद्र, थोडा किनारा.

या बांधणीकडे पाहताना मला वडिलांची आठवण येते. ते तारऑफिसात होते. लग्नाला, दिवाळीला पाठवायच्या शुभेच्छांच्या तारांसाठी तेव्हा ठरावीक वाक्यांची एक यादी असे आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक. लोक खिडकीवरची यादी वाचून क्रमांक सांगत. तारेतून जाई तो क्रमांक. आणि पलीकडचा तारबाबू आपल्याजवळच्या त्याच यादीतून पाहून पूर्ण वाक्य लिहून देई. शुभेच्छा दोन्ही गावांत आधीच पोहोचलेल्या असत. तारेने फक्त त्यांतली कोणती ते कळवायचे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. एफटी८ च्या ७७ बिटांमागे हीच पद्धत आहे. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या पत्रांचेही तसेच नव्हते काय? ‘येथील सर्व कुशल, तुमचे कुशल कळवावे’ हे वाक्य पावसात भिजून अर्धे पुसले गेले तरी आजी ते न अडखळता वाचत असे, कारण त्या जागी काय असणार ते तिला ठाऊक होते.

पुसलेले वाचता यावे यासाठी एफटी८ मध्ये जी तजवीज केली आहे ती मात्र आजीच्या अंदाजाहून खूप पक्की आहे. ७७ बिटांना आधी १४ बिटांची पडताळणी जोडतात. आलेला संदेश खरा की गोंगाटातून चुकून जुळून आलेला, हे तिच्यावरून ठरते. या ९१ बिटांमागे आणखी ८३ बिट असे जोडतात की त्यांतला प्रत्येक बिट मूळ संदेशातल्या काही बिटांशी हिशेबाने बांधलेला असतो. वाटेत काही बिट हरवले किंवा उलटले, तर उरलेल्यांच्या नात्यावरून ते परत मिळवता येतात. एकूण १७४ बिट, एका सुराला तीन याप्रमाणे ५८ सूर. उरलेले २१ सूर काहीच सांगत नाहीत. आरंभी, मध्ये आणि शेवटी सात-सात सुरांची एकच ठरलेली चाल वाजते: तीन, एक, चार, शून्य, सहा, पाच, दोन. जॉन कोस्टास या अभियंत्याने पाणबुड्या शोधण्याच्या ध्वनियंत्रासाठी अशा रचना काढल्या होत्या. त्यांचा गुण असा की ही चाल वेळेत किंवा सुरात जराही सरकवली तर ती स्वतःशी जवळजवळ जुळतच नाही. नेमक्या जागी ठेवली तरच सातही सूर एकदम जुळतात. संकेत कुठे सुरू झाला आणि कोणत्या पट्टीत आहे, हे संगणकाला यावरून कळते. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त बोलणे केवळ ‘मी इथे आहे’ एवढे सांगण्यात खर्च होते, आणि ते खर्च करावेच लागते.

इथे एका गोष्टीचा उलगडा करायला हवा. उणे २१ हा आकडा अडीच हजार हर्ट्झच्या पट्टीतल्या सगळ्या गोंगाटाशी तुलना करून काढलेला असतो. संकेत स्वतः ५० हर्ट्झमध्येच असतो, आणि त्याच्या वाट्याला गोंगाटाचाही पन्नासावा हिस्साच येतो. तेवढ्यापुरते पाहिले तर संकेत गोंगाटाच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. बाकीचे काम ठरलेली वेळ, ठरलेली चाल आणि ते ८३ जादा बिट मिळून करतात. यात चमत्कार नाही, आणि चमत्कार नाही म्हणूनच मला त्याचे अधिक मोल वाटते. आवाजाने बोलायचे तर संकेत गोंगाटाच्या चांगला वर लागतो. मुरलेला मोर्सवाला कान गोंगाटाच्या खाली बराच उतरतो. एफटी८ त्याच्याही खाली उतरते, पण संभाषण सोडून देऊन.

वेळ ठरलेली असणे म्हणजे काय, ते मला तीन वर्षांपूर्वीच्या जुलैने शिकवले. पावसात आमच्या वाडीचे इंटरनेट गेले आणि आठवडाभर आले नाही. पावसाळ्यात मी सड्यावरचा अँटेना उतरवून ठेवतो. आषाढ-श्रावणात विजा मृगाआधीच्या वळवाइतक्या नसतात, म्हणून घराच्या पडवीच्या वाशांना एक तार बांधून ऐकत बसतो. त्या आठवड्याच्या शेवटी अचानक एकही संकेत वाचला जाईना. पडद्यावरच्या वॉटरफॉलमध्ये, म्हणजे वरून खाली सरकत जाणाऱ्या त्या निळ्या पटावर, पिवळ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. कानाला सूर ऐकू येत होते. पण डावीकडची वाचलेल्या संदेशांची चौकट कोरीच. मी तारेवर संशय घेतला. खारी हवा आमच्या तांब्याला वर्षभरात हिरवे करते, तेव्हा जोड उघडून घासले, पुन्हा डाख दिला, केबल बदलली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी चहा घेत नुसता पडद्याकडे पाहत बसलो असताना लक्षात आले की दर पंधरा सेकंदांनी वॉटरफॉलवर एक हिरवी आडवी रेघ उमटते आणि सगळ्या पिवळ्या रेघा तिच्याबरोबर सुरू न होता तिच्यापासून बोटभर अंतर सोडून सुरू होतात. सगळ्याच. साऱ्या जगाला एकाच वेळी उशीर होणार नाही. चूक माझ्या घड्याळाची होती. जुन्या लॅपटॉपचे घड्याळ रोज अर्धा सेकंद सरकत होते, इंटरनेट असताना ते आपोआप जाग्यावर येई, आणि आठवडाभरात ते तीन सेकंदांहून जास्त चुकले होते.

घड्याळ लावायचे कशावरून? चीनमधले बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र १० मेगाहर्ट्झवर सेकंदा-सेकंदाचे ठोके देते आणि संध्याकाळनंतर ते आमच्याकडे बऱ्यापैकी ऐकू येते. मिनिटाच्या आरंभाचा ठोका लांब असतो. मी पुढच्या मिनिटाची वेळ टाइप करून ठेवली, एंटरवर बोट ठेवले, आणि कौलांवरच्या पावसाच्या आवाजातून तो लांब ठोका येताच बोट दाबले. पुढच्याच फेरीत अकरा संदेश वाचले गेले. पहिला इंडोनेशियाचा होता. शेजारचे तात्या तेव्हा पडवीच्या कडेला इरले झटकत उभे होते. ते जन्मभर मासेमारी केलेले, रोज संध्याकाळी मला एकच विचारतात, “मास्तरांनू, आज काय गावला?” त्या दिवशी मी म्हटले, “तात्यानू, घड्याळ गावला.” त्यांना ते पटले. भरती-ओहोटीची वेळ चुकवून होडी घालणाऱ्याला काय गावते ते त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

पावसाळा सोडला तर माझे केंद्र सड्यावर असते. जांभ्या दगडाच्या कातळात दोन ठिकाणी भोके पाडून त्यात बांबू रोवता येईल असे केले आहे. बांबूला २१ मेगाहर्ट्झसाठी ३.४ मीटर लांबीची तार उभी बांधायची आणि पायथ्यापासून तशाच चार तारा कातळावर पसरायच्या. सुकलेला जांभा विजेचा फार वाईट वाहक; अशा जमिनीवर उभा अँटेना आपली पुष्कळ शक्ती जमिनीतच गमावतो. पण सड्याच्या पश्चिमेला कडा तुटतो आणि खाली समुद्र लागतो. खारे पाणी कोरड्या खडकाच्या हजारो पट चांगले वाहक आहे. क्षितिजालगत निघालेली लहर पाण्यावरून जवळजवळ न झिजता परावर्तित होते आणि लांबच्या पल्ल्याला अशीच क्षितिजालगतची लहर लागते. नैर्ऋत्येकडून पश्चिमेपर्यंत, म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या दिशेला, माझ्यासमोर काहीही नाही. पूर्वेला सह्याद्री आहे, तरी जपानचे संकेत तोही ओलांडून येतात, फक्त थोडे दमून.

गोंगाट मात्र सड्यावरही वाढतो आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, बागेतल्या पंपांचे नवे नियंत्रक, सगळे थोडी थोडी खरखर हवेत सोडतात. वाडीची वीज जाते तेव्हा वॉटरफॉलचा तळ एकाएकी काळाभोर होतो आणि एरवी न दिसणाऱ्या फिकट रेघा वर येतात. या कोकणातच या गोष्टीचे एक थोर उदाहरण आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. १८५९ च्या सप्टेंबरातले प्रसिद्ध सौरवादळ तिथे नोंदले गेले आहे. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या प्रवाहाने सूक्ष्म मोजणी बिघडेल हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. दोन्ही ठिकाणी काही काळ एकदम मोजणी केली, म्हणजे जुन्या नोंदी नव्यांशी जोडता याव्यात. अलिबागला ते काम आजही चालते. क्षीण गोष्ट मोजायची तर गोंगाटापासून खाडीपलीकडे जावे लागते, आणि जाताना मागची नोंद तुटू द्यायची नसते.

मे २०२४ मधल्या १० आणि ११ तारखांना मोठे भूचुंबकीय वादळ झाले तेव्हा मला अलिबागची फार आठवण झाली. त्या दिवसांत मी व्हिस्पर नावाची पद्धत चालवत होतो. हीदेखील टेलर यांचीच, २००८ ची. तिच्यात संभाषणच नाही. कॉलसाइन, चौकट आणि शक्ती, एवढे ५० बिट जवळजवळ दोन मिनिटे सावकाश पाठवायचे. जगात ज्यांनी ते वाचले त्यांची केंद्रे आपणहून नकाशावर नोंद करतात. मी ०.२ वॉटने पाठवत होतो, आणि एरवी रियुनियन, पश्चिम ऑस्ट्रेलिया, कधी पोलंड अशा नोंदी येत. ११ तारखेला उत्तरेकडच्या सगळ्या नोंदी नाहीशा झाल्या. दक्षिणेच्या काही टिकल्या. माझ्या तारा जाग्यावर होत्या, घड्याळ बरोबर होते. बदलले होते ते दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरचे, या लहरींना परत खाली वळवणारे आकाश. अलिबागच्या उपकरणांवर त्याच तासांत चुंबकीय क्षेत्राची रेघ वरखाली होत असणार. मी एका कुजबुजीच्या नसण्यावरून तेच वाचत होतो.

या पद्धतीच्या मर्यादेबद्दलही मला तितक्याच मनापासून सांगायचे आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. घराची कौले उडाली, आंब्याची दोन कलमे मुळासकट पडली, आणि वीज व मोबाइल दोन्ही कित्येक दिवस नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी मी गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावला. वॉटरफॉल इतका निर्मळ मी त्याआधी पाहिला नव्हता. जिल्ह्यातला एकही दिवा जळत नव्हता. जपान, इटली, दक्षिण आफ्रिका असे कितीतरी संकेत पडद्यावर उतरत होते, आणि त्यांतल्या एकालाही मी सांगू शकत नव्हतो की आम्ही सुखरूप आहोत, फक्त पुण्यात मुलीला कळवा. एफटी८ मध्ये मोकळा मजकूर घालता येतो तो १३ अक्षरांचा. या संकेतांवर उभारलेले आणि मोकळे लिहू देणारे जेएस८कॉल नावाचे सॉफ्टवेअर आहे. पण तेही समोरच्याने त्या वेळी लावलेले हवे. शेवटी मी माइक उचलला, ७ मेगाहर्ट्झवर आवाजाने हाक दिली, आणि कोल्हापूरच्या एका हॅम बंधूने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, खरखरीतून मुलीचा फोन नंबर तीनदा विचारून घेतला. अर्ध्या तासाने त्याचा आवाज परत आला: “काका, बोलणं झालं. ताई रडत होत्या, पण आता बऱ्या आहेत.” हे वाक्य ७७ बिटांत बसवणारी यादी कोणी केलेली नाही.

म्हणून जुनेजाणते हॅम जेव्हा म्हणतात की एफटी८ म्हणजे दोन संगणक एकमेकांशी बोलतात आणि माणसे नुसती बघत बसतात, तेव्हा त्यांचे दुःख मला समजते. ज्यांनी उमेदीच्या काळात रात्री जागून, एकमेकांच्या आवाजातला कंप ओळखून मैत्री केली, त्यांना पडद्यावरच्या सहा ओळींचे संभाषण कोरडे वाटणारच. हाक, उत्तर, अहवाल, परत अहवाल, आरआर७३ आणि ७३. दीड मिनिटात संपते. (आरआर७३ म्हणजे ‘सर्व मिळाले, लोभ असावा’. गंमत अशी की चौकटींच्या नकाशात आरआर७३ नावाची खरीच एक चौकट आहे, पण ती उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्रात पडते; तिथून कोणी बोलणार नाही असे धरून ही अक्षरे निरोपासाठी राखून ठेवली आहेत.) तरीही मी त्यांच्याशी पूर्ण सहमत होत नाही. कोणत्या बँडवर कोणत्या वेळी बसायचे, तार किती उंच घ्यायची, शक्ती किती कमी ठेवायची, दुसऱ्याच्या पट्टीवर न चढता आपली जागा कशी शोधायची, हे सगळे माणूसच ठरवतो. आवाजाची पातळी वाढवून ठेवली तर संकेत पसरून शेजारच्या चार जणांचे बोलणे बुडते. हे संगणक सांगत नाही, शेजारधर्म सांगतो. आणि ज्याच्याकडे मोठा मनोरा, हजार वॉटचा ॲम्प्लिफायर आणि अँटेना फिरवणारी मोटर नाही, अशा कातळावर बांबू रोवून बसलेल्या माणसाला ब्राझीलपर्यंत नेणारी दुसरी वाट मला तरी माहीत नाही.

२०२५ साली पाऊस फार लवकर आला. मे संपायच्या आधीच तळकोकणात मोसमी पाऊस दाखल झाला. त्याच्या आधल्या आठवड्यात एका संध्याकाळी ढग भरून येऊ लागले तेव्हा मी सड्यावरची तार उतरवायला निघालो. उतरवण्यापूर्वी एक शेवटची हाक द्यावी म्हणून लॅपटॉप उघडला. दुसऱ्याच फेरीला नामिबियाच्या एका केंद्राने उत्तर दिले, उणे १९. मी अहवाल पाठवला. पुढच्या फेरीत दूर समुद्रावर वीज चमकली आणि वॉटरफॉलवर आडवा पांढरा पट्टा उठला. त्याचे उत्तर त्याखाली गेले. मी तोच अहवाल पुन्हा पाठवला. पुन्हा वीज. तिसऱ्या वेळी मी तात्यांना म्हटले की बांबूला हात लावू नका, आणखी पंधरा सेकंद थांबा. ते बांबूपासून चार पावले मागे जाऊन आकाशाकडे बघत राहिले.

१२.६४ सेकंद संपले. ओळ उमटली: माझे कॉलसाइन, त्याचे कॉलसाइन, आर उणे २२. मी आरआर७३ पाठवले, पंधरा सेकंदांनी त्याचे ७३ आले, आणि मी रेडिओ बंद करून केबल ओढून काढली. तात्यांनी बांबू उपसून खांद्यावर घेतला. तारेच्या वेटोळ्यावर पहिले थेंब पडत असताना आम्ही पायवाटेने खाली उतरत होतो, आणि त्यांनी विचारले, “काय गावला?”

“आफ्रिका,” मी म्हटले.

“मोठो गावलो,” तात्या म्हणाले, आणि पुढे चालू लागले.